अग्रमानांकितांची ओळ

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पेंटर थांबला. पूर्वी तो तिथे थांबायचा तो जरा मागे झुकून आपलंच अक्षर डोळे भरून बघायला. हल्ली थांबायचा तो गुडघ्यांची मनधरणी करायला.

"चला बाबांनो," तो गुडघ्यांना म्हणाला, "दोनच पायऱ्या राहिल्या. मग कायमची सुट्टी."

गुडघ्यांनी कुरकुर केली आणि ऐकलं. एकोणसत्तर वर्षांची सोबत होती, सहजासहजी तुटणार नव्हती.

क्रीडाभवनाच्या दालनात, आत मैदानाकडे जाणाऱ्या दाराच्या वर, तो फलक टांगलेला होता. गडद तपकिरी लाकूड, कडेला नक्षीची पट्टी, आणि त्यावर सोनेरी अक्षरांत मुलींच्या महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेच्या सत्तावीस वर्षांच्या विजेत्यांची नावं. वर्षागणिक एक ओळ. सगळ्या ओळी एकाच हाताच्या. आज अठ्ठाविसावी घालायची होती, आणि स्पर्धा तर अजून सुरूही झाली नव्हती.

हे ऐकून कुणीही चक्रावेल. पण सोनेरी अक्षर म्हणजे काही फळ्यावर खडूनं लिहिणं नव्हे. आधी पिवळट रंगाचा एक हात, तो वाळला की सोनेरी, तो वाळला की डाव्या अंगाला काळ्या सावलीची केसाएवढी रेघ. तीन दिवसांचं काम. आणि बक्षीस समारंभ तर अंतिम सामन्यानंतर अर्ध्या तासात. म्हणून अगदी पहिल्या वर्षीच त्या वेळच्या व्यवस्थापकांनी तोडगा काढला होता : ज्या संघाला पहिलं मानांकन मिळालंय त्याचं नाव पहिल्याच दिवशी घालून ठेवायचं, त्या ओळीवर मखमलीचा छोटा पडदा सोडायचा, शेवटी पाहुण्यांनी दोरी ओढायची, की टाळ्या.

"जिंकणार तेच. नाहीतर पहिलं मानांकन दिलंच कशाला असतं?" ते म्हणाले होते.

त्या वर्षीचा पहिला मानांकित संघ दुसऱ्याच सामन्यात गारद झाला.

तेव्हापासून आजवरचा हिशेब पेंटरला तोंडपाठ होता, कारण तो त्यानं हातानं सोसला होता. सत्तावीस वर्षांत अग्रमानांकित अकरा वेळा जिंकले. उरलेल्या सोळा वेळा पेंटरनं घातलेलं नाव टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसलं, पुसलं जाईना तेव्हा तपकिरी रंगाखाली गाडलं, आणि वर दुसरं लिहिलं. एका वर्षी तर एकाच ओळीत तिघांना पुरलं होतं. लोक खालून फलक बघत तेव्हा त्यांना विजेते दिसत. पेंटरला त्यांच्या खालचे हरलेलेही दिसत. सगळेच्या सगळे एकेकाळचे अव्वल.

ते का हरतात, यावर कुणी विचारलं असतं तर पेंटरनं तासभर सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. प्रवेशद्वाराजवळचा बाद फेरीचा तक्ताही तोच रंगवायचा. डावीकडे सोळा नावं, मग आठ, मग चार, असं निमुळतं होत उजव्या टोकाला एकच रिकामी चौकट. सगळे संघ तिथे येऊन उभे राहत. साध्या संघांच्या मुली आपल्या नावाच्या शेजारच्या रेघेवर बोट ठेवत, की उद्या कोण? अग्रमानांकित मुली मात्र थेट उजव्या टोकाकडे बघत. अंतिम सामन्यात कोण येईल, याची चर्चा करत. तेवढ्यात मधली एखादी रेघ त्यांचा पाय ओढायची.

"आणि दुसरं असं," तो बायकोला म्हणायचा, "की ह्यांना हरवलं तर समोरच्याचं नाव होतं. ह्यांनी जिंकलं तर कुणाचंच काही होत नाही. जिंकणारच होत्या म्हणतात."

"जेवा आता," बायको म्हणायची. "भात गार झाला. त्याला मानांकन नाहीये."

यंदा पहिलं मानांकन होतं टेकडीवरच्या कॉलेजला. नाव भलतं लांबलचक. सगळी मिळून एकवीस अक्षरं. पेंटरनं दुसरं टोक क्रीडाभवनाच्या शिपायाला धरायला देऊन खडू लावलेली दोरी ताणली, टिचकी मारली, दोन पांढऱ्या रेघा उमटल्या. हाताखालची काठी, तिच्या टोकाला चिंध्यांचा गोळा, फलकावर टेकवली. त्या काठीवर मनगट ठेवलं आणि कुंचला उचलला.

मनगट थरथरलं.

गेल्या वर्षापासून हे सुरू झालं होतं. दोन डोळ्यांपैकी एकावर पडदा आला होता तो वेगळाच. पूर्वी पाच मिनिटांत होणारं अक्षर आता पाऊण तास खायचं. श्वास रोखायचा, थरथर ओसरायची वाट बघायची, मग एक रेघ मारायची. पण तीन दिवस होते. निभलं असतं. पुसून पुन्हा अर्ध्या तासात लिहायची वेळ आली नाही, म्हणजे झालं.

हीच एक गोष्ट पेंटर यंदा देवाकडे मागत होता. टेकडीवाल्या जिंकोत.

कारण हे शेवटचं वर्ष होतं. व्यवस्थापक साहेब, म्हणजे आताचे, वयानं त्याच्या मुलासारखे, शिडी धरून उभे राहत म्हणाले होते, "काका, पुढच्या वर्षी दिव्यांचा फलक येतोय. बटण दाबलं की नाव."

"आणि चुकलं तर?"

"पुन्हा बटण."

"मजा आहे तुमची," पेंटर म्हणाला. "आम्ही सोळा वेळा टर्पेंटाइन हुंगलं."

शेवटची ओळ तरी स्वच्छ जावी, तिच्याखाली कुणाला पुरायला लागू नये, एवढीच इच्छा. माणूस दमला की त्याच्या इच्छाही आखूड होतात.

पण घरात एक भानगड होती. तिचं नाव भिंगरी.

भिंगरी म्हणजे मुलीची मुलगी. मुलगी-जावई नोकरीपायी परगावी, म्हणून नात कॉलेजसाठी आजी-आजोबांकडे. पाच फुटांवर जेमतेम एक बोट, पण चेंडू हातात आला की चार उंच मुलींच्या मधून कुठून निघून जायची ते पंचांनाही दिसत नसे. ती नदीपलीकडच्या कॉलेजकडून खेळायची. त्या संघाला मानांकन नव्हतं, जागेवर बसायला धड बाक नव्हता, आणि तक्त्यात त्यांचं नाव अगदी तळाला होतं. पेंटरनं ते रंगवलं तेव्हा मनाशी म्हटलं होतं, एक दिवस खेळतील, हौस फिटेल.

पहिल्या दिवशी त्या जिंकल्या. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिसऱ्या मानांकित संघाला हरवलं. आजीनं दृष्ट काढण्यासारखे हातवारे केले आणि पेंटर हसला. पण त्या रात्री हसू नीटसं उतरेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दुसऱ्या मानांकितांना पाच गुणांनी झोपवलं. मुली आत खेळत असताना लिहायचं, बाहेर आल्या की पडदा सोडायचा, असं तीन दिवस चालवून दालनात शिडीवर बसलेला पेंटर आता शेवटच्या अक्षराची काळी सावली भरत होता. आतून आरडाओरडा आला, भोंगा वाजला, आणि नदीपलीकडच्या मुली एकमेकींच्या अंगावर कोसळत बाहेर आल्या. भिंगरी खालून ओरडली, "आजोबा! फायनल! टेकडीवाल्यांशी!"

पेंटरनं झटकन पडदा सोडला. "शाब्बास," तो म्हणाला. म्हणताना त्याच्या लक्षात आलं, की मनात पुसण्याचा हिशेब सुरू झालाय. आणि तो आनंदाचा नाही.

संध्याकाळी ताटं मांडली. आजीनं नातीच्या ताटात दुप्पट वाढलं.

"एवढं खाऊन उद्या पळायचं कसं गं आजी?"

"पळू नकोस. उभी राहा आणि त्यांना दमव," आजी म्हणाली. "तुझे आजोबा तेच करतात."

भिंगरी हसली, मग तिनं हातातला घास ताटात ठेवला. लहानपणी तिनं आजोबांच्या रंगाचे डबे धरले होते, रीत तिला माहीत होती.

"आजोबा, नाव घातलंत ना त्यांचं?"

पेंटरनं पाणी प्यायला वेळ घेतला. ती वाट बघत होती. तिच्या गुडघ्याला खरचटलेलं होतं, डोळे लाल झाले होते. तीन दिवसांत तीन सामने अंगात भिनले होते. हो म्हणावं, तर ही पोर रात्रभर त्या एकवीस अक्षरांशी खेळत बसेल.

"नाही," तो म्हणाला. "यंदा कोरी ठेवलीय ओळ."

"खरंच?"

"शेवटचं वर्ष. म्हटलं, यंदा जिंकेल त्याचंच घालू."

आजीनं मान वर केली. एकेचाळीस वर्षांचा संसार. नवरा खोटं बोलताना डाव्या कानाची पाळी चोळतो हे तिला ठाऊक होतं. तिनं पाळीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि भांडी गोळा केली.

भिंगरीनं उठून आजोबांच्या टकलावर हात फिरवला. "मग ठीक आहे. मग बघते त्यांच्याकडे."

ती झोपायला गेल्यावर आजी एवढंच म्हणाली, "पुसणार आहात ना? त्या जिंकल्या तर?"

"पुसावंच लागेल."

"मनापासून?"

पेंटर कानाची पाळी चोळत बसला.

अंतिम सामना दुपारी चारला होता. पेंटर आत गेला नाही. दालनातच, शिडीच्या पायथ्याशी, रंगाचे डबे आणि कुंचले मांडून खुर्चीवर बसला. दोन्ही तयारी ठेवायला हवी होती. त्याला बघायची गरजही नव्हती. सत्तावीस वर्षं त्यानं हे सामने कानांनीच पाहिले होते. चेंडू जाळीतून नुसता सुळकन गेला की एक उसासा उठतो, कडीला आपटून गेला की ओरडा. आज उसासे टेकडीवाल्यांचे होते. सफाईनं, न घाबरता, एकामागून एक. हा संघ उजव्या टोकाकडे बघणारा नव्हता. पेंटरच्या खांद्यांवरचा ताण हळूहळू उतरला, आणि तो उतरला याची त्याला लाज वाटली. आत आपली नात हरतेय, आणि बाहेर आपण पाय लांब करून बसलोय. वा रे आजोबा.

मध्यंतर झालं. अडतीस-सत्तावीस. दार उघडलं आणि नदीपलीकडच्या मुली बाहेर आल्या, घामानं निथळत. कपडे बदलायच्या खोलीकडे जाताना त्यांच्यातली सगळ्यात उंच, जिला सगळ्या जिराफ म्हणायच्या, ती पेंटरसमोर थांबली. धापा टाकत तिनं पडद्याकडे बोट केलं.

"आजोबा, ती कोरी ओळ आमचीच हं. भिंगरीकडून कळल्यावर आमच्या सरांनी सकाळी सगळ्यांना सांगितलं. म्हणाले, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी आधीच त्यांचं नाव लिहून ठेवलेलं नाही. मग आपण कशाला मनात लिहून ठेवायचं?"

मागून भिंगरी आली. नुसती आजोबांकडे बघून दमल्यासारखी हसली आणि आत गेली.

पेंटर बसून राहिला. एका पोरीला झोप लागावी म्हणून केलेली थाप. ती आता बारा जणी पाण्याच्या बाटलीसारखी आळीपाळीनं पीत होत्या.

मध्यंतर संपल्याचा भोंगा झाला. मुली त्याच्यासमोरून पळत परत गेल्या. दार बंद झालं.

तो उठला. तपकिरी रंगाचा डबा उघडला, रुंद कुंचला घेतला आणि शिडी चढू लागला. तिसऱ्या पायरीवर गुडघे थांबले. यावेळी त्यानं त्यांना काही विचारलं नाही. पाचव्या पायरीवर उभं राहून, जुन्या काळच्या फोटोग्राफरसारखं डोकं पडद्याआड घातलं. मखमलीच्या अंधारात ती एकवीस अक्षरं चमकत होती. तीन दिवस श्वास रोखून घातलेली. खरं सांगायचं तर चांगली उतरली होती. या थरथरत्या हाताकडून पुन्हा अशी उतरायची नाहीत.

त्यानं पहिल्या अक्षरावर कुंचला टेकवला आणि ओढला.

पुसायच्या कामात हात थरथरला तर कुणाला कळत नाही. आत ओरडा वाढत होता. आता उसासे कमी आणि कडीला आपटून जाणारे चेंडू जास्त, म्हणजे नदीपलीकडच्या. त्यानं पूर्ण ओळ तपकिरी केली, खाली उतरला, खुर्चीत बसला. रंगाचे थेंब सदऱ्यावर पडले होते. आता ओळ खरोखरच कोरी होती, आणि कोण जिंको, त्याला आज लिहावं लागणार होतं. नदीपलीकडच्यांचं नाव नऊ अक्षरांचं. नऊ जमतील, तो म्हणाला. नऊ कशीबशी जमतील. आणि हे म्हणताना त्याच्या ध्यानात आलं, की तीन दिवसांत पहिल्यांदा आपल्याला नातीनं जिंकावं असं वाटतंय.

शेवटच्या मिनिटाला आतली गर्दी उभी राहिली, ते बाकांच्या आवाजावरून कळलं. मग शांतता. फ्री थ्रो असणार. चेंडूचे तीन टप्पे. कडीला आपटल्याचा आवाज. आणि त्यानंतरचा तो लांब, सगळ्या सभागृहाचा, हळहळीचा सूर.

एकोणसाठ-अठ्ठावन्न. टेकडीवाल्या जिंकल्या. सत्तावीस वर्षांत सोळा वेळा अव्वल हरले तेव्हा फलकावर त्यांचं नाव होतं. आज जिंकले, तर नव्हतं.

पेंटर हसला. खो-खो नाही, पोटातल्या पोटात, एकट्यानं.

सगळी मंडळी दालनात जमली. पदकं झाली, हार झाले, पाहुण्यांनी दोरी ओढली. पडदा बाजूला सरकला आणि टाळ्या निम्म्यात थांबल्या.

ओली तपकिरी पट्टी. बाकी काही नाही.

"काका!" व्यवस्थापक साहेब दातओठ खात कुजबुजले. "नाव कुठाय? काल मी स्वतः पाहिलं होतं!"

"पुसलं."

"पुसलं? जिंकणाऱ्यांचं?"

"तेव्हा कुठे जिंकल्या होत्या?" पेंटर म्हणाला. "लिहितो आता. थोडा वेळ लागेल."

"थोडा म्हणजे?"

"एकवीस अक्षरं आहेत, साहेब. बटण नाहीये."

कुणीतरी हसलं. साहेबांचा चेहरा पडला, पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात टेकडीवाल्यांची कप्तान, रुंद खांद्यांची, पायाला बर्फ बांधलेली मुलगी, लंगडत पुढे आली आणि समोर जमिनीवरच बसली.

"लिहा आजोबा, सावकाश," ती म्हणाली. "आमच्यादेखत लिहिलेलं बरं. चार दिवस सगळे म्हणताहेत, तुमचं काय, तुम्ही जिंकणारच. आज आम्ही मरता मरता वाचलो, आणि टाळ्या सगळ्या हरणाऱ्यांना." तिनं पदक गळ्यातून काढून मांडीवर ठेवलं. "निदान हे तरी आधीपासून लिहिलेलं नव्हतं."

तिच्या मागोमाग बाकीच्याही बसल्या. पाय लांब करून, भिंतीला टेकून. इतक्या दमलेल्या अव्वल मुली पेंटरनं इतक्या जवळून कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांच्या आधीच्या सोळा संघांना त्यानं फक्त पुसलं होतं.

त्यानं दोरी घेतली. दोरीला दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. तो इकडेतिकडे बघत होता, तेवढ्यात शिडीच्या दुसऱ्या बाजूनं एक हात आला आणि टोक घेऊन वर चढला. भिंगरी. डोळे सुजलेले, केस कपाळाला चिकटलेले. तो शेवटचा फ्री थ्रो तिचाच होता.

ती वर पोचली, दोरी फलकावर दाबली, आणि तिथेच थबकली. ओल्या तपकिरीखालून, एका हातानं पूर्ण न झाकलेली, सोन्याची पुसट अक्षरं दिसत होती. काळ्या सावलीसकट. तिनं ती वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, खालच्यांना ऐकू जाणार नाही अशी, "कोरी ठेवली होती म्हणालात ना?"

"ठेवली ना."

"कधी?"

पेंटरचा हात कानाच्या पाळीकडे निघाला आणि वाटेतच थांबला. "तुमचं मध्यंतर झालं तेव्हा."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. सदऱ्यावरचे तपकिरी थेंब, थरथरणारं मनगट. मग तिनं नाक पुसलं. "जिराफला सांगू नका. ती त्यावर खेळली सगळं."

"नाही सांगत."

"मीही," ती म्हणाली, आणि दोरी ताणली. "मारा टिचकी."

रेघ उमटली. रंग ओला होता, त्यामुळे किंचित पसरली. पेंटरनं काठी टेकवली. भिंगरीनं न सांगता काठीचं दुसरं टोक तळहातानं फलकावर दाबून धरलं, तेव्हा मनगट जरा थाऱ्यावर आलं. पहिलं अक्षर जमलं. दुसरं थोडं तिरपं गेलं. तिसऱ्याची गोलाई एका बाजूला सुजली. खाली कुणी घाई केली नाही. पाहुणे केव्हाच गेले होते, साहेब एका खुर्चीत बसून होते, आणि टेकडीवाली एक मुलगी मैत्रिणीच्या खांद्यावर झोपून गेली होती.

दहाव्या अक्षरापाशी पेंटर थांबला. श्वास लागला होता.

"किती राहिली?" भिंगरीनं विचारलं.

"अकरा."

"एवढी मोठी नावं ठेवतात कशाला लोक?"

"तुमचं नऊचं होतं."

"मग एक गुण कमी पडला, ते बरंच झालं म्हणायचं?"

"नाही," पेंटर म्हणाला. आणि यावेळी हात कानाकडे गेलाच नाही.

तिनं मान डोलावली. काठी खाली घेतली. "उतरा जरा. पाणी प्या, गुडघे मोकळे करा. मग उरलेली करू."

ती आधी उतरली, आणि दोन्ही हातांनी शिडी धरून खाली उभी राहिली.